चार पॉइंट एक

सोमवार, ३ मार्च

ही वही ताईने दिली. तोंडाने ओरडण्यापेक्षा यात ओरड, म्हणाली. कारण गेल्या आठवड्यातलं लिफ्टचं प्रकरण. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला मी लिफ्ट कशी दुरुस्त करतात ते सांगायला गेले. तो पाना तिथेच टाकून निघून गेला. आता अख्खी इमारत पाच मजले चढते आणि जिन्यात कोणी माझ्याशी बोलत नाही. यात माझं काय चुकलं ते ताईने सांगितलेलं नाही. थोरल्या बहिणींना कारण द्यावं लागत नाही.

ताईला असंही वाटतं की रुग्णालयाच्या संगणक विभागात मी दिवसभर खुर्चीत बसून असते. तर आजचा दिवसच लिहिते.

काल विजेच्या कामासाठी सगळे सर्व्हर बंद होते. आज सकाळी चालू केले. साहेब म्हणाले, सगळं नीट आलंय का ते एकेक करून बघू. बघू म्हणजे मी बघायचं. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून फोनवर कोणाशी तरी भिंतीच्या रंगाबद्दल बोलत होते. औषधांचा साठा, एक्स-रेची चित्रं, रक्तपेढीच्या फ्रिजवरची देखरेख, प्रयोगशाळेचे रिपोर्ट, रांगेचे टोकन. प्रत्येकाची स्वतःची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम. ॲडमिन म्हणून शिरले आणि एकेक स्क्रिप्ट हाताने चालवून पाहिली. सगळ्या चालल्या. फ्रिजचा आकडाही आला, ४.१. टोकनवाली तेवढी अडली, ती दुरुस्त करण्यात जेवणाची सुट्टी गेली.

झालं का, साहेबांनी विचारलं. झालं म्हटलं. लगेच अधीक्षकबाईंना फोन लावून म्हणाले, "मी स्वतः सगळं तपासलंय."

मी स्वतः. सतरा वर्षं मी या माणसाच्या 'मी'मध्ये राहते आहे.

बुधवार, ५ मार्च

रक्तपेढीतून स्वेटरबाईंचा फोन. थंड खोलीत सारखं आत-बाहेर करावं लागतं म्हणून त्या बारा महिने करड्या रंगाचा एकच स्वेटर घालतात, त्यावरून हे नाव पडलं. त्यांचं म्हणणं, पडद्यावरचा आकडा हलत नाही.

मी म्हटलं, बाई, न हलणं हेच त्या फ्रिजचं काम आहे.

तसं नाही म्हणाल्या. सकाळी दार उघडून चाळीस पिशव्या आत ठेवल्या, अशा वेळी आकडा नेहमी पाचाकडे जातो आणि मग हळूहळू उतरतो. सोमवारपासून तो जागचा ढिम्म हलत नाही. मी सांगितलं, पेढीत एसी नवीन बसवलाय, त्यामुळे असेल. एसी खरंच नवीन आहे. त्याचा फ्रिजशी काय संबंध ते मलाही माहीत नाही, पण बोलणं संपलं.

एवढं एकच काम असल्यासारखे लोक फोन करतात.

शुक्रवार, ७ मार्च

स्वेटरबाईंनी काल परत फोन केला. आज तर छापील तक्रार अर्जच भरून पाठवला, वळणदार अक्षरात. 'आकडा स्थिर आहे, कृपया प्रत्यक्ष येऊन पाहावे.' मी आमच्या बाजूने पडदा उघडून पाहिला. ४.१. नियमात आहे. अर्जावर लिहिलं, 'यंत्रणा सुरळीत. तक्रार निकाली.' सही ठोकली, परत पाठवला.

घरी हे सांगितलं तर नवरा म्हणाला, "दोनच मजले खाली आहे ना पेढी? जाऊन यायचं."

हा शाळेत भूगोल शिकवतो. माझ्या खात्याचा नकाशाही आता हाच काढणार. जेवण होईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

सोमवार, १० मार्च

पेन कागदात रुततंय. रागानेच.

रक्तपेढीतला मोठा फ्रिज काल कधीतरी बंद पडला. एकशे बासष्ट पिशव्या. सगळ्या फेकाव्या लागल्या.

सकाळी साडेनऊला प्रसूती विभागातून तातडीची मागणी आली. एक बाई टेबलावर, रक्त थांबत नाही. स्वेटरबाईंनी पिशवी काढली, हातात घेतली आणि तिथेच थांबल्या. मनगटाला लावून पाहिली. दुसरी काढली, तिसरी काढली. पडद्यावर ४.१. वरून डॉक्टर फोनवर ओरडत होते की पडद्यावर चार आहे ना, मग पाठवा. त्यांनी पाठवलं नाही. दुसऱ्या रुग्णालयातून रक्त यायला पन्नास मिनिटं लागली. तोवर ती बाई कशी तगली ते डॉक्टरांनाच ठाऊक. तगली. बाळही ठीक आहे.

दुपारी बैठक. साहेबांनी पेढीची नोंदवही पुढे सरकवली. आज सकाळी आठ वाजता ४.१, खाली स्वेटरबाईंची सही. काल तीन वेळा ४.१, ती दुसऱ्या कोणाची. साहेब म्हणाले, नोंद ठेवणं ही पेढीची जबाबदारी आहे, फ्रिज न बघता आकडा उतरवून काढला, यात आमच्या यंत्रणेचा काय दोष?

स्वेटरबाई एवढंच म्हणाल्या, "पडद्यावरचा आकडा लिहायचा, असं परिपत्रक आहे."

ते आहे. दोन वर्षांपूर्वी साहेबांनीच काढलंय. फ्रिजमधला तापमापक एक आकडा दाखवायचा आणि पडदा दुसरा, त्यावरून वाद व्हायचे. म्हणून साहेबांनी तापमापक काढून टाकले, फ्रिजची स्वतःची घंटाही तोडली. 'एकच आकडा, एकच सत्य.' आज हे कोणाला आठवलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. खरं सांगायचं तर मलाही त्यांचाच राग आला होता. सही कोणी केली? मग?

चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसायला सांगितलं. त्यांनी स्वेटर काढून त्याची घडी घातली, तो हातावर घेतला आणि निघून गेल्या. स्वेटरशिवाय त्या फार लहान दिसल्या.

मंगळवार, ११ मार्च

साहेबांना माझ्याकडून एक पानी अहवाल हवा आहे. 'यंत्रणेत दोष नाही.' म्हटलं, आधी बघते. "बघा की," म्हणाले, "पण संध्याकाळपर्यंत द्या."

बघितलं. आणि माझं डोकं फिरलं.

ही स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी फ्रिजमधल्या सेन्सरला तापमान विचारते. उत्तर एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिते. मग तीच फाइल वाचून आकडा पडद्यावर पाठवते, आणि आकडा सहाच्या वर गेला तर घंटा वाजवते. तात्पुरती फाइल कुठे, तर सगळ्या सर्व्हरच्या सामाईक फोल्डरमध्ये, जिथे कोणीही येऊन काहीही ठेवू शकतं. नाव कायम तेच. म्हणजे चौकात खडू-फळा मांडून ठेवायचा आणि त्यावरचं वाचून रक्त द्यायचं.

एवढंच असतं तरी चाललं असतं, इतकी वर्षं चाललंच. पण स्क्रिप्ट एका साध्या खात्यातून चालते, त्या खात्याला फारसे अधिकार नाहीत. आणि आत्ता त्या फोल्डरमध्ये पडलेली फाइल त्या खात्याची नाहीच. ती ॲडमिनची आहे, सगळे अधिकार असलेल्या खात्याची. साध्या खात्याला ती वाचता येते, लिहिता येत नाही. मग दर पाच मिनिटांनी काय व्हायचं? स्क्रिप्ट नवं तापमान घेऊन यायची, लिहायला जायची, परवानगी नाकारली जायची. ती चूक कुठे नोंदवली जायची? कुठेच नाही. लिहिणाऱ्याने चुकांचे संदेश सरळ कचऱ्यात वळवलेत. मग स्क्रिप्ट पुढच्या ओळीवर जायची, जुनीच फाइल वाचायची, आणि जुनाच आकडा नव्या वेळेसकट पडद्यावर पाठवायची. ४.१. ४.१. ४.१. फ्रिज जिवंत असो की मेलेला.

सेन्सर बिचारा खरं सांगत होता. काल सकाळी त्याने सतरा सांगितलं असणार. कोणी लिहूनच घेतलं नाही.

साहेबांना दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "मग त्या फाइलला सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाका. विषय संपवा."

सगळ्यांना सगळी परवानगी! म्हणजे टोकनच्या स्क्रिप्टमध्ये कोणी चुकून नाव बदललं तरी रक्तपेढीचं तापमान तेहेतीस नंबर होणार. किंवा कोणी मुद्दाम चार लिहून ठेवणार. मी हे सांगितलं. जरा जोरात सांगितलं. शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले.

अहवाल दिला नाही.

बुधवार, १२ मार्च

प्रश्न एकच. ॲडमिन म्हणून ती फाइल तिथे ठेवली कोणी?

ॲडमिनचा पासवर्ड दोघांकडे आहे. साहेब आणि मी. मी अशी चूक करत नाही. राहिलं कोण? पाहुणे आले की त्यांना 'बघा, आमचं रुग्णालय कसं संगणकावर चालतं' हे दाखवायची हौस कोणाला आहे? पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला कोणी चिकटवलाय? मीच शंभरदा सांगितलं, देखरेखीची स्क्रिप्ट हाताने चालवायची तर तिच्या खात्यातून चालवा, ॲडमिन होऊन नाही.

आज तोंडावर विचारलं. साहेब म्हणाले, त्यांनी गेल्या सहा महिन्यांत त्या यंत्राला हात लावलेला नाही. पासवर्ड आठवतही नाही, म्हणूनच चिठ्ठी लावली आहे. इतकं धादांत खोटं इतक्या शांतपणे कसं बोलता येतं? माझा आवाज पुन्हा चढला. एका बाईची नोकरी तुमच्या हौसेपायी जाते आहे, असं मी म्हणाले. चार लोकांत म्हणाले. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. बोलणार काय?

संध्याकाळी घरी सगळं पुन्हा सांगितलं, चढत्या आवाजात. नवरा भांडी पुसत ऐकत होता. मग म्हणाला, "फाइल कधी बनली ते कळत नाही का?"

अरे, कळतं म्हणजे काय! तेच तर मी उद्या साहेबांच्या नाकासमोर धरणार आहे. छापून आणलंय. फाइल बनली सोमवारी, तीन मार्चला, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी. सर्व्हर चालू केल्यावर सामाईक फोल्डर रिकामाच होता, बंद करताना तो आपोआप साफ होतो; आणि दर पाच मिनिटांच्या फेऱ्या तपासणी होईपर्यंत थांबवलेल्या होत्या. त्या रिकाम्या फोल्डरमध्ये सगळ्यात आधी जो ती स्क्रिप्ट चालवेल त्याची फाइल. आणि सोमवारी अकरा बेचाळीसला ॲडमिन म्हणून

गुरुवार, १३ मार्च

कालचं वाक्य अर्धवट आहे. पूर्ण करते.

आणि सोमवारी अकरा बेचाळीसला ॲडमिन म्हणून मी बसले होते.

काल लिहिता लिहिता मागची पानं उलटली. साहेब त्या दिवशी काय करत होते ते तारखेसकट लिहावं म्हणून. ते भिंतीच्या रंगाबद्दल बोलत होते. मीच लिहिलंय. 'ॲडमिन म्हणून शिरले आणि एकेक स्क्रिप्ट हाताने चालवून पाहिली.' माझ्या अक्षरात, माझ्या वहीत. पुढे असंही लिहिलंय की फ्रिजचा आकडाही आला. आला ना. तोच आकडा मग आठवडाभर राहिला.

त्यानंतरची पानंही वाचली. एसी. 'यंत्रणा सुरळीत.' तीन वेळा सांगितलं त्यांनी. दोन मजले.

मी आज कामावर कोणावरही ओरडले नाही. कोणी तरी विचारलं, बरं नाही का.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी साहेबांच्या खोलीत गेले. दार लावलं. सांगितलं, फाइल माझी होती, परवा तुम्हाला बोलले त्याबद्दल माफ करा.

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्याऐवजी ते खुर्चीत मागे रेलले आणि चक्क हसले. प्रेमाने हसले, तेच सहन झालं नाही.

"बसा," म्हणाले. मग समजावायला लागले. चौकशीचा निकाल जवळपास ठरलेला आहे. स्वेटरबाईंना काढणार वगैरे नाहीत, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बदली होईल. त्यांची तीन वर्षं राहिलीत निवृत्तीला. उलट तिथे थंडी नाही, बरंच आहे त्यांना. कोणी दगावलं नाही. फाइल गुपचूप नीट करा. तुमच्यासारखी माणसं विभागाला लागतात, तुम्ही चिडता पण कामाच्या आहात. "मी तुम्हाला सांभाळून घेतो."

सांभाळून घेतो!

बाहेर आले, जिन्यात उभी राहिले, आणि मग असा राग आला की पायऱ्या दिसेनात. त्यांचा आला. त्यांनी इतक्या सहज मला त्यांच्या बाजूला ओढून घेतलं त्याचा आला. त्या बाईंनी सोळा वर्षं रक्ताच्या पिशव्या हाताळल्या, डॉक्टरांच्या ओरडण्याला भीक न घालता एका बाईचा जीव वाचवला, आणि आम्ही तिला कागदांच्या धुळीत बसवणार, वर म्हणणार थंडी नाही, बरंच आहे.

पण ही वही खरं लिहायलाच आहे. तर खरं हे की 'सांभाळून घेतो' ऐकल्यावर आधी क्षणभर मला हायसं वाटलं होतं. राग नंतर आला. बहुतेक त्या हायसं वाटण्याचाच आला.

रविवार, १६ मार्च

ताईकडे गेले. पहिल्यापासून सगळं सांगितलं, वहीतली पानंही वाचून दाखवली. एरवी ती मधे मधे बोलते. आज बोलली नाही.

शेवटी म्हणाली, "मी तुला वही राग काढायला दिली होती. तू तर पुरावा लिहून ठेवलास."

मला हसू आलं आणि त्यातच रडू. ताईने चहा टाकला. मी विचारलं, काय करू? ती म्हणाली, तू मला विचारायला आलेली नाहीस, तू ठरवून आली आहेस, फक्त सोबत कोणीतरी घाबरायला हवंय. तर घाबरते मी, चहा घे.

घाबरायचं कारण आहे. सतरा वर्षांत माझ्या नावावर एकही लेखी ठपका नाही. याचा मला फार अभिमान होता, हे आता लिहिताना कळतंय.

सोमवार, १७ मार्च

चौकशीची बैठक अकरा वाजता. अधीक्षकबाई, साहेब, पेढीचे डॉक्टर, मी. आणि टेबलाच्या टोकाला स्वेटरबाई, साध्या कपड्यांत, मांडीवर पिशवी.

साहेबांनी अहवाल वाचायला घेतला. माझ्याऐवजी त्यांनीच लिहिला होता. दुसऱ्या ओळीला मी म्हटलं, हे खरं नाही. साहेब म्हणाले, नंतर बोलू. मी म्हटलं, आत्ताच बोलते.

आणि बोलले. फाइल काय, फोल्डर काय, परवानगी कोणाला होती, कोणाला नव्हती. अकरा बेचाळीस. माझं नाव. मग पेढीतून मागवून आणलेला तक्रारीचा अर्ज टेबलावर ठेवला, माझ्या शेऱ्यासकट. दोन फोन आले होते तेही सांगितलं. एसीचंही सांगितलं.

अधीक्षकबाईंनी अर्ज दोनदा वाचला. मग विचारलं, "हा शेरा लिहिण्याआधी तुम्ही खाली जाऊन फ्रिज पाहिला होता?"

"नाही."

"का?"

"मला वाटलं, त्यांना कळत नाही," मी म्हटलं.

स्वेटरबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीकडे.

निकाल. स्वेटरबाई उद्यापासून कामावर. मला लेखी ठपका, आणि नवी स्क्रिप्ट शुक्रवारच्या आत. फ्रिजचे तापमापक आणि घंटा पुन्हा बसवायची. आणि साहेब? साहेबांनी बैठकीतून उठायच्या आत परिपत्रक लिहायला घेतलं, 'संगणक विभागाच्या सूचनेनुसार तापमापक पूर्ववत बसवण्यात येत आहेत.' विभागाच्या सूचनेनुसार! ज्याने ते उपटून काढले त्याच्याच सूचनेनुसार. त्यांच्या अंगाला एक थेंब लागला नाही. माझी शिक्षा मला मान्य आहे. पण अशी एकटीने का भोगायची?

बुधवार, १९ मार्च

कालपासून मान वर केलेली नाही. स्क्रिप्ट नव्याने लिहिते आहे. जुनीची एकही ओळ ठेवणार नाही. आधी तिचा लेखक कोण म्हणून चिडायला गेले, तर वर नाव होतं एका माणसाचं, नऊ वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला. त्याच्या खाली दुरुस्त्या करणाऱ्यांची नावं. तीनदा माझं. म्हणजे तीनदा मी ही उघडली होती, चौकातला फळा पाहिला होता आणि आपलं काम करून बंद केली होती.

तर आता असं. तात्पुरती फाइल सामाईक फोल्डरमध्ये नाही. देखरेखीच्या खात्याला स्वतःचा फोल्डर, त्यात दुसऱ्या कोणाला ना वाचता येतं ना लिहिता. फाइलचं नाव दर वेळी नवं, कोणाला आधी ओळखता येणार नाही असं. काम झालं की फाइल पुसली जाते, मधेच काही मोडलं तरी पुसली जाते. कोणी ॲडमिन होऊन स्क्रिप्ट चालवायला गेलं तर ती चालायलाच नकार देते. हे शेवटचं मी माझ्यासाठी घातलंय.

आणि लिहिता आलं नाही तर गप्प बसायचं नाही. चुकेचा संदेश कचऱ्यात नाही, पडद्यावर. नवा आकडा मिळाला नाही तर जुना दाखवायचा नाही. दहा मिनिटांहून जुना आकडा हा आकडाच नाही.

शोधलं तर आणखी चौदा स्क्रिप्ट त्याच सामाईक फोल्डरमध्ये लिहिताहेत. साहेबांना यादी दिली. म्हणाले, एकेक करून बघू. मी म्हटलं, यादीवर तुमची सही आणि तारीख टाका. टाकली. चेहरा बघण्यासारखा होता.

शुक्रवार, २१ मार्च

साडेअकराला पेढीत खाली गेले. दोन मजले, अठ्ठेचाळीस पायऱ्या.

स्वेटरबाई नोंदी लिहीत होत्या. स्वेटर अंगात होता. मी उभी राहिले, त्यांनी बसा म्हटलं नाही. म्हटलं, माफी मागायला आले आहे.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "फाइलचं सोडा," म्हणाल्या. "चूक कोणाकडूनही होते. माझ्या हातून पिशव्या फुटल्यात. पण मी तीनदा सांगितलं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की बाई, तुम्हाला असं का वाटतंय."

"हो."

"तुम्ही बैठकीत बोललात, त्याने माझी नोकरी राहिली. ते मला कळतं. पण त्याने हा राग जात नाही. मी काय करू?"

मला रागाबद्दल बरंच काही माहीत आहे असा माझा समज होता. अशा हळू आवाजातला राग मी कधी पाहिला नव्हता. म्हणून म्हटलं, स्क्रिप्ट दाखवू का?

त्या उठल्या. त्यांनीच सेन्सर बाहेर काढला आणि कोमट पाण्याच्या पेल्यात सोडला. आम्ही दोघी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभ्या राहिलो. चौथ्या मिनिटाला पडद्यावर २९.३ आलं आणि घंटा अशी वाजली की बाहेरच्या बाकावरचा रक्तदाता उठून उभा राहिला. त्यांनी मान हलवली, सेन्सर पुसून आत ठेवला. आकडा उतरताना पाहिला. ४.९. ४.६. ४.४.

मला वाटलं, झालं. त्या म्हणाल्या, "आता तेव्हा जे झालं होतं ते मुद्दाम करून दाखवा."

मी ॲडमिन झाले नाही, तिथल्याच यंत्रावर देखरेखीच्या खात्यातूनच शिरले. देखरेखीच्या खात्याची त्याच्याच फोल्डरमधली लिहायची परवानगी काढून घेतली. पाच मिनिटं फार लांब असतात. मग पडद्यावरचा ४.३ गेला. त्या जागी लाल अक्षरं आली आणि घंटा पुन्हा सुरू झाली.

स्वेटरबाईंनी चष्मा लावून वाचलं. "माहिती नाही." पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "या इमारतीत एवढं कबूल करणारं हे पहिलंच."

मी परवानगी परत दिली, आकडा परत आला. त्यांनी नोंदवही उघडली, चाचणीची वेळ लिहिली, खाली स्वतः सही केली आणि वही माझ्याकडे फिरवली. मीही सही केली. जायला निघाले.

"उद्या परत दाखवा," त्या म्हणाल्या.

उद्या शनिवार, माझी सुट्टी. मी विचारलं, उद्याही?

"रोज."

"किती दिवस?"

त्यांनी फ्रिजचं दार उघडलं. थंड हवा माझ्या तोंडावर आली. "ते अजून मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि पिशव्या मोजायला लागल्या.

शनिवार, २२ मार्च

साडेअकराला गेले. घंटा वाजली. सही केली.